राबाच्या दिवसांतला खोकला

सकाळी ६. उन्हाळ्यात डोळखांबला जाग येते ती राबाच्या वासाने. भाताचं रोप टाकायच्या जागेवर टहाळ, पालापाचोळा नि शेणी रचून लोक भाजणी करतात.

८.३०. आरोग्य केंद्रातून निघाले. पिशवीत बीपीचं मशीन, गोळ्या, बेडक्याच्या डब्या.

१०. पाड्यावरचं कुडाचं घर, खिडकी नाही. चुलीपुढे आजी, मांडीवर नातू.

"धुराचा खोकला हाय ताय, पावसात जातो."

याच वाक्यावर माझी निम्मी सकाळ जाते. धूर डोळ्यांना दिसतो; त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड दिसत नाही. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाकाघशात न अडकता थेट वायुकोशांपर्यंत उतरतो. तिथे भक्षक पेशी असतात. आजीला सांगितलं, "रात्री शेतात डुकरं राखायला माळ्यावर माणूस बसतो ना, तशा या. आत आलेला जंतू गिळून टाकतात." हा वायू लागला की त्यांची गिळण्याची ताकद कमी होते. मग रक्तातल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्या झटापटीत फुप्फुसालाच सूज येते. क्षयाचा जंतू तर या भक्षक पेशींच्याच पोटात तग धरतो.

आजी म्हणाली, "मंग सुनेचा गॅस बरा." बरा खराच, पण निळ्या ज्योतीतूनही हा वायू निघतो, खिडकी हवीच. आणि सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते, ते वेगळंच.

दुपारी १. ऊन रणरणतंय. गाड्यांच्या धुरातल्या वायूंपासून अशाच उन्हात ओझोन तयार होतो, वाऱ्याबरोबर शहराबाहेर खेड्यांतही पोचतो. त्याचाही मार भक्षक पेशींवरच. गर्भार बायांना दुपारी सावलीत बसा म्हणते, ते केवळ उन्हासाठी नाही.

३. वीटभट्टी. दिवाळीनंतर आलेली कातकरी कुटुंबं पाऊस लागेपर्यंत इथेच. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड वरच विरघळतो, म्हणून घसा आधी जळजळतो. पोरं भट्टीच्या उबेलाच झोपतात. धूर जातो त्याच्या उलट बाजूला झोपडी घाला, असं मुकादमाला सांगून पाहिलं. जागा मालकाची, म्हणाला.

५.३०. रजिस्टर भरलं. आजीला दिलेली डबी उद्या सकाळी येईल.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर धुरावर ढकलू नका. सकाळचा पहिला बेडका डबीत घेऊन केंद्रात या. तपासणी फुकट, औषधं फुकट, आणि क्षय निघाला तर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात.