छोटी गाडी गेली. तिच्या इंजिनाची प्रतिकृती रोजी देईल काय?

गोंदिया म्हटले की तेंदूपत्ता, बिडी, तांदळाच्या गिरण्या आणि लाख यांचाच व्यापार डोळ्यांपुढे येतो. हे धंदे आपल्या ठिकाणी आहेतच. पण पत्रा कापणारा, झाळ लावणारा, मोटारींचे डेंटिंग-पेंटिंग करणारा आणि मोटर वाइंडिंगवर बसणारा जो कारागीर या जिल्ह्यात आहे, त्याच्या हुन्नराला दुसरी वाट आहे का, या प्रश्नापोटी आम्ही या वेळी एक वेगळाच विषय घेतला आहे. विषय आहे रेल्वे इंजिनांच्या हुबेहूब लहान प्रतिकृतींचा, आणि त्यातही युरोपातील मालगाड्या ओढणाऱ्या डिझेल इंजिनांचा.

कोणी म्हणेल, गोंदियाचा आणि युरोपच्या इंजिनाचा संबंध काय? संबंध जुना आहे. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी सातपुड्यातील छोटी गाडी बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ च्या सुमारास सुरू केली. तिच्या रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. वाफेची इंजिने गेल्यावर तिथे झेडडीएम जातीची डिझेल इंजिने आली. ती चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेली असली, तरी तिच्या पोटातील ७०० अश्वशक्तीचे यंत्र जर्मनीतील कील शहराच्या ‘माक’ कारखान्याच्या बनावटीचे होते. हा कारखाना १९९८ पासून ‘फॉसलो’ या नावाने चालला आणि २०२० मध्ये चिनी कंपनीच्या हाती गेला. आज युरोपभर मालगाड्या ओढणारी ‘जी १२०६’ ही इंजिने याच कारखान्याची. म्हणजे ज्या घराण्याचे यंत्र आमच्या फाटकावर धडधडत होते, त्याच घराण्याच्या इंजिनांच्या प्रतिकृती जर्मनीतील शौकीन दोन-तीनशे युरो मोजून विकत घेतात. पितळेची हातची कलाकुसर असेल तर किंमत याच्या कितीतरी पट जाते.

मालगाडीच्या इंजिनाचेच एवढे कौतुक का, हे व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावे. १ जानेवारी २००७ पासून युरोपीय संघात रेल्वेची मालवाहतूक सर्व कंपन्यांना खुली झाली. एकाच बनावटीचे इंजिन आज एका कंपनीच्या निळ्या रंगात, तर उद्या दुसरीच्या हिरव्या किंवा पिवळ्या रंगात दिसू लागले. शौकिनाला त्याच्या गावावरून जाणारे नेमके तेच इंजिन, त्याच क्रमांकाचे हवे असते. मोठ्या कारखान्याला साच्यापायी हजारोंनी माल काढावा लागतो. पन्नास-शंभर गिऱ्हाइकांचा रंग त्याला परवडत नाही. लहान कारागिराला जागा आहे ती इथेच.

आता मापाचे गणित. ते चुकले की सारे चुकले. जगात सर्वांत अधिक चालणारे प्रमाण ‘एच-ओ’, म्हणजे मूळ वस्तूचा ८७ वा हिस्सा. युरोपचा प्रमाण रूळ १४३५ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले की १६.५ मिलिमीटर येतात, आणि बाजारातील एच-ओ रूळ तेवढाच असतो. ‘जी १२०६’ ची लांबी १४.७ मीटर, तिची प्रतिकृती १६९ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. आपल्या ब्रॉडगेजची मात्र पंचाईत होते. १६७६ ला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर येतात आणि असा रूळ बाजारात तयार मिळत नाही. म्हणून भारतीय इंजिनांचे बहुतेक नमुने नाइलाजाने १६.५ च्याच रुळावर उभे करतात, आणि ती किंचित अरुंद चाकांची दिसतात.

गंमत पुढेच आहे. गोंदियाच्या छोट्या गाडीचे ७६२ मिलिमीटर ८७ ने भागा. ८.८ येते. बाजारात ‘एन’ प्रमाणाचा रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो. ऑस्ट्रियातील डोंगरी गाड्या ७६० मिलिमीटरच्या, म्हणून तिकडे ९ मिलिमीटर रुळावरच्या या प्रकाराला ‘एच-ओ-ई’ असे नावही आहे. म्हणजे ‘एन’ प्रमाणाच्या इंजिनाचा तयार चाकांचा सांगाडा आणि मोटर घेऊन त्यावर झेडडीएमचे पितळी अंग बसवले, तर आपली छोटी गाडी बिनचूक मापात धावते. ब्रॉडगेजला जे साधत नाही, ते सातपुड्याच्या गाडीला साधते!

काम कोणते असते? पितळेचा ०.३ मिलिमीटरचा पत्रा घ्यायचा. त्यावर दारे, जाळ्या, रिव्हेट यांचा नकाशा छापून फेरिक क्लोराइडमध्ये कोरायचा. पितळी पाट्या करणाऱ्यांपैकी जे अ‍ॅसिडकाम जाणतात, त्यांना ही रीत नवी नाही. मग घड्या घालून, झाळ लावून अंग उभे करायचे. गाडीचा दांडा ३० मिलिमीटर जाड असेल, तर प्रतिकृतीत तार ०.३५ ची लागते. जाड तार लावली की इंजिन खेळण्यासारखे दिसते. रंगाचेही तसेच. दशांश मिलिमीटर रंग चढला तर मूळ इंजिनावर जवळजवळ नऊ मिलिमीटरचा थर चढल्यासारखे होते आणि रिव्हेट बुजतात. मोटारीवर स्प्रे मारणाऱ्या हाताला इथे एअरब्रश घेऊन पुन्हा शिकावे लागेल. मोटर बहुधा १२ व्होल्ट डीसीची, तिला जोडलेले फ्लायव्हील आणि वर्म गिअर. वजन पुरेसे नसले तर इंजिन जागच्या जागी चाके फिरवते, म्हणून आत शिसे भरतात.

या धंद्याचा इतिहासही बोलका आहे. स्वित्झर्लंडच्या लोझान येथील ‘फुलगुरेक्स’ सारख्या पेढ्या पितळी इंजिने स्वतः घडवीत नसत. नकाशे द्यायच्या आणि जपान, कोरियातील कारागिरांकडून करून घ्यायच्या. जपानची मजुरी वाढली तसे काम कोरियाकडे सरकले, पुढे चीनकडे. ‘मेर्कलिन’ ही १८५९ पासूनची जर्मन पेढी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, सावरली, आणि आज गोपिंगनबरोबर हंगेरीतही माल काढते. ज्या देशात मुरादाबादसारखे पितळेचे शहर आहे, त्या देशाचे नाव या साखळीत ठळक दिसत नाही, हे आम्हाला खटकते. हात कमी पडला असे आम्हाला वाटत नाही. मापाची शिस्त आणि गिऱ्हाइकाची ओळख कमी पडली.

देशातले गिऱ्हाईक थोडे आहे, हे लपवून चालणार नाही. तरी पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये लहान रेल्वेचे संग्रहालय उघडले. तिथे तिकीट काढून लोक गाड्या पाहतात. जर्मनीत हाम्बुर्गला २००१ मध्ये दोन जुळ्या भावांनी असेच प्रदर्शन उभारले आणि त्याला आता वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक माणसे येतात. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय २००२ पासून आहे. जबलपूर-नैनपूरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. तिच्यात बसून बाजार केलेली माणसे अजून हयात आहेत. टेबलावर ठेवायचे, न चालणारे झेडडीएम हा आमच्या मते पहिला माल असावा. त्याला मोटर लागत नाही आणि परदेशातून सांगाडाही मागवावा लागत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी. सीमाशुल्काच्या यादीत प्रतिकृती खेळण्यांच्याच सदरात मोडतात. त्यांच्या आयातीवरील शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. ताजा दर एजंटाकडून विचारून घ्यावा. बाहेरचा तयार माल महाग झाला हा आपला फायदा. दुसरे, २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराच्या मालाला त्यातून सूट दिलेली आहे. नोंदणी नसेल तर आधी ती करावी. शिवाय परदेशी कंपनीचे बोधचिन्ह तिच्या परवानगीवाचून छापू नये.

आमचा सल्ला मागाल, तर चालते दुकान बंद करून कोणी यात उडी घेऊ नये. मोसम मंदा असेल तेव्हा संध्याकाळी दोन तास द्यावेत. एकच अंग करावे. कॅलिपरने मापून, सर्व बाजूंनी, भिंगातून फोटो काढून ठेवावेत. तेच फोटो परदेशी शौकिनाला पाठवावेत आणि त्याने काढलेल्या चुका कानावर घ्याव्यात. हे लोक एका रिव्हेटवरून हुज्जत घालतात. ऑर्डर आली तर निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय पत्रा कापू नये, आणि मुदत जितकी वाटेल तिच्या दुप्पट सांगावी.