केंद्रातून परतल्यावरचे दिवस

चांदूर रेल्वेहून आईवडिलांना केरळातील एखाद्या आयुर्वेदीय निवासी केंद्रात नेण्याचा बेत आपण आखीत असाल, तर तेथील दर विचारण्यापूर्वी घरी परतल्यानंतरचे दिवस मोजावेत. बस्तीसारख्या उपचारास जितका काळ लागतो, त्याच्या दुप्पट परिहारकाल चरकसंहितेने सांगितला आहे. आठ दिवस बस्ती झाली, तर पुढील सोळा दिवस पथ्याचे. या काळात फार वेळ बसणे, मोठ्याने बोलणे, दिवसा झोपणे, ऊन, राग, अवेळी जेवण हे सारे वर्ज्य, आणि प्रवासही! उपचार आटोपताच वृद्धाला दीर्घ रेल्वेप्रवास घडविणे शास्त्राच्याच विरुद्ध ठरते. त्यापेक्षा अमरावती वा नागपूर येथील आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधी चौकशी करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तेथे उद्यान नसेल, पण घर जवळ असते.

वमनास अयोग्य व्यक्तींत चरकाने वृद्धांची गणना केली आहे, हेही ध्यानी असावे. विरेचनाने शरीरातील पाणी व क्षार घटतात. अशा वेळी लघवी वाढविणारी गोळी किंवा इन्सुलिनची नेहमीची मात्रा घातक ठरू शकते. म्हणून चालू औषधांची यादी वैद्यांना दाखवावी. मात्र कोणतेही औषध आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून थांबवू नये.

परतल्यावर पेज, मऊ भात, मुगाचे वरण असा क्रम ठेवावा. भेटीस येणाऱ्या आप्तांना मात्र रोडग्यांचा बेत पुढे ढकलण्यास आधीच सांगून ठेवावे.