टेक्नॉलॉजीला मंदी नसते म्हणे!

मुलुंडमध्ये एक वाक्य सध्या फार स्वस्त झालं आहे. सोसायटीची मीटिंग संपल्यावरच्या चहाला ते असतं, पाच रस्त्याला रिक्षाच्या रांगेत असतं, बारावीच्या मुलाला कुठली ब्रँच घ्यायची हे ठरवणाऱ्या पालकांच्या तोंडी असतं आणि सेक्टर फंड विकायला आलेल्या एजंटच्या तोंडी तर हमखास असतं: ‘बाकी सगळं बुडेल हो, टेक्नॉलॉजीला मंदी नसते.’

सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की उलट विचारायलाच संकोच वाटतो. तरी विचारायला हवं. कुठली टेक्नॉलॉजी? कुणाची मंदी? आणि ‘नसते’ म्हणजे नेमकी कुणाला नसते? शोधाला, तो विकणाऱ्या कंपनीला, तिचे शेअर घेणाऱ्याला की तिथे नोकरी करणाऱ्याला? हे चार वेगवेगळे जीव आहेत. एकाचं भलं झालं की बाकीच्या तिघांचंही होतं, असा समज या वाक्याच्या पोटात आहे आणि सगळी गडबड तिथेच आहे.

मुलुंडकराच्या मनात टेक्नॉलॉजी म्हणजे आधी आयटी, आणि आयटी म्हणजे ऐरोली. १९९९ मध्ये खाडीवरचा मुलुंड-ऐरोली पूल सुरू झाला, पुढे पलीकडे आयटी पार्क उभे राहिले आणि इथल्या कित्येक घरांतला पगार त्या पुलावरून येऊ लागला. त्यामुळे आयटीपासूनच सुरुवात करू. आकडे इन्फोसिसचे घेऊ, कारण ते तिच्या वार्षिक अहवालांत कुणालाही पाहता येतात.

२००७-०८ मध्ये इन्फोसिसचं उत्पन्न १६,६९२ कोटी रुपये होतं. २००८-०९ मध्ये ते २१,६९३ कोटी झालं, म्हणजे ३० टक्के वाढ. त्यात रुपया घसरल्याचाही हात होता, पण ते सोडून देऊ. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. पुढचं पूर्ण आर्थिक वर्ष, म्हणजे २००९-१०, उत्पन्न २२,७४२ कोटी. वाढ पाच टक्क्यांच्याही आत. तीसवरून पाचच्या खाली! ज्यांनी तेव्हा ऐरोलीत, पवईत ‘बेंच’वर, म्हणजे प्रोजेक्टविना, दिवस काढले, कॅम्पसमधून ऑफर लेटर मिळूनही जॉइनिंगच्या तारखेची वाट पाहिली, त्यांच्यासमोर हे वाक्य म्हणून पाहावं.

आता दुसरी मंदी. २०२०-२१ मध्ये भारताचा जीडीपी प्रत्यक्ष आकसला. आधीचा सरकारी अंदाज ७.३ टक्क्यांचा होता, सुधारित आकडा ५.८ टक्क्यांचा आहे. कुठलाही घेतला तरी घसरण मोठीच. त्याच वर्षी इन्फोसिसचं उत्पन्न पहिल्यांदा एक लाख कोटींच्या वर गेलं.

मग एजंट बरोबर होता की काय? थांबा, तिसरं वर्ष बाकी आहे. २०२३-२४ मध्ये भारतात मंदी नव्हती. तेव्हाच्या सरकारी आकड्यांनुसार अर्थव्यवस्था आठ टक्क्यांहून जास्त वेगाने वाढली. त्या वर्षी चलनातला चढउतार वगळता इन्फोसिसची वाढ होती १.४ टक्के. त्याच वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून माणसं जवळपास ६४ हजारांनी कमी झाली. म्हणजे देशात तेजी आणि आयटीत मरगळ.

तीन वर्षं, तीन वेगळी उत्तरं. यात गूढ काही नाही. आपल्या आयटी कंपन्यांचं मुख्य गिऱ्हाईक मुलुंडमध्ये राहत नाही, भारतातही नाही. ते अमेरिकेत आणि युरोपात आहे, आणि त्यात बँका, विमा कंपन्या मोठ्या. २००८ ची मंदी बँकांपासूनच सुरू झाली, त्यामुळे काम देणाराच गळ्यापर्यंत बुडालेला होता. २०२० मध्ये त्याच गिऱ्हाईकाला सगळं कामकाज रातोरात घरून चालवायचं होतं, म्हणून त्याने खर्च वाढवला. २०२३ मध्ये तिकडचे व्याजदर चढे होते आणि दोन वर्षांपूर्वी घाईत केलेली खरेदी अजून अंगावर होती, म्हणून त्याने हात आखडता घेतला. टेक्नॉलॉजी तीच, माणसं तीच, निकाल मात्र गिऱ्हाईकाच्या खिशावर ठरला. जी गोष्ट कुणाला विकायची आहे हे सांगता येत नाही, ती मंदीत चालेल की नाही हेही सांगता येत नाही. इतकं साधं आहे हे.

यावर पुढचा मुद्दा हमखास येतो: ‘ते आयटीचं सोडा, यूपीआय बघा. मंदीतच वाढलं ना?’ वाढलं, नाकारतंय कोण? पण यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचे महिन्यामहिन्याचे आकडे कुणी पाहत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये यूपीआयचे सुमारे १३२ कोटी व्यवहार झाले होते. टाळेबंदीच्या एप्रिलमध्ये ते शंभर कोटींच्या किंचित खाली आले. लोकांनी खरेदीच थांबवली तर पैसे देणार कशाचे? जूनमध्ये दुकानं उघडू लागली तसा आकडा पुन्हा फेब्रुवारीच्या पातळीवर आला आणि ऑक्टोबरमध्ये २०० कोटींच्या पलीकडे गेला. म्हणजे मंदीच्या पहिल्या धक्क्यात हेही तंत्रज्ञान घसरलं. नंतर ते उसळलं त्याचं कारण मंदी नव्हे. नोटेला हात लावायची भीती आणि दुकानदाराला शून्य शुल्क ही खरी कारणं. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायला सरकारने बंदी केली आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड लटकतो तो म्हणून. आता हा शोध फोफावला, पण शुल्कच नाही तर त्यातून थेट कमाई कुणाची झाली? ‘यूपीआय वाढणार म्हणून अमुक शेअर घ्या’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

याहून झणझणीत उदाहरण मोबाईलचं आहे. जग २००८-०९ च्या मंदीत कुंथत होतं तेव्हा भारतात फोन अक्षरशः धावत सुटला. दूरसंचार नियामक ट्रायच्या नोंदींत मार्च २००८ मध्ये सुमारे ३० कोटी फोनधारक होते; मार्च २००९ मध्ये ४३ कोटी, मार्च २०१० मध्ये ६२ कोटी. मंदीत बहरलेलं तंत्रज्ञान शोधायचं तर भारतात याच्याइतकं ठळक दुसरं सापडणं कठीण. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाप्रमाणे बिल आकारायला सुरुवात केली. बाकीच्यांनाही मग दर पाडावे लागले, आणि फोन घरकामाच्या बाईंपासून रिक्षावाल्यापर्यंत पोहोचला. त्या काळात बाजारात उतरलेल्या कंपन्यांची नावं आज आठवून पाहा. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. जे वाचले त्यांतले बरेच पुढच्या दरयुद्धात गेले. खुद्द टाटांनी २०१७ मध्ये आपला मोबाईल व्यवसाय एअरटेलकडे सोपवायचा निर्णय घेतला. दर पाडणारा गेला, पडलेले दर राहिले. फायदा झाला तो तुमचा-माझा, ग्राहकांचा. भागधारकाला विचाराल तर तो वेगळीच कहाणी सांगेल.

ऑनलाईन औषधं विकणाऱ्या मुंबईच्या फार्मईझीची गतही पाहा. कोरोनाच्या काळात घरपोच औषधांची सवय लागली. कंपनीने २०२१ मध्ये नवी मुंबईच्या थायरोकेअरचा ६६ टक्के हिस्सा साडेचार हजार कोटींहून जास्त मोजून घेतला, ६,२५० कोटींच्या आयपीओचे कागद सेबीकडे दिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते मागे घेतले. पुढे तिचं मूल्यांकन कोसळलं. आपण औषधं मात्र अजूनही मोबाईलवरून मागवतोच.

मग मंदीत चालतं तरी काय? उत्तर फार दिमाखदार नाही, म्हणून ते कुणी फॉरवर्ड करत नाही. आज हातात असलेला खर्च ज्याने कमी होतो किंवा पुढे ढकलता येतो, किंवा ज्याची खरेदी टाळणं जड जातं, ते चालतं. आणि ते बरेचदा नवं नसतं, जुनंच असतं.

याचं मोठं उदाहरण मुलुंडहून फार लांब नाही. जानेवारी १९८२ मध्ये कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरणगावासाठी ती मंदीपेक्षाही वाईट गोष्ट होती. त्या काळात कापड विणलं कुणी? भिवंडीच्या यंत्रमागांनी. संपाने भिवंडी जन्माला घातली असं जे सांगतात तेही चूकच, माग तिथे कितीतरी आधीपासून होते. पण गिरण्यांचं काम त्यांच्याकडे वळलं, आणि त्यांतले कितीतरी माग गिरण्यांनीच मोडीत काढलेले, जुन्या बाजारातून आलेले. यंत्रमागाचं तंत्र गिरणीपेक्षा मागासलेलं होतं. टिकलं, कारण स्वस्त होतं, छोट्या शेडमध्ये बसत होतं, मोठ्या कारखान्याचे कायदे त्याला लागत नव्हते आणि कामगाराला बारा-बारा तास राबवता येत होतं. ‘मंदीत बहरलेलं तंत्रज्ञान’ ऐकताना डोळ्यापुढे चकचकीत काचेची इमारत येते. प्रत्यक्षात ती बरेचदा पत्र्याची शेड असते, आणि तिचा बहर कुणाच्या घामावर आला हे विचारायची पद्धत नाही.

दुसरं उदाहरण एलबीएस मार्गावरचं. या रस्त्यावरच्या कारखान्यांच्या जागी आता मॉल आणि टॉवर दिसतात, तरी १९२२ मध्ये सुरू झालेल्या एस. एच. केळकर कंपनीचं नाव मुलुंडमध्ये अजून आहे. सुगंधी द्रव्यं बनवणं ही अस्सल केमिस्ट्री आहे, तिला कुणी टेक्नॉलॉजी म्हणत नाही इतकंच. हा वास जातो कुठे? साबणात, अगरबत्तीत, कपड्यांच्या पावडरीत. हात आखडला की माणूस परदेशी परफ्यूमची बाटली घेत नाही, पण अंघोळीचा साबण आणि देवापुढची उदबत्ती थांबत नाही. फार तर मोठ्या वडीऐवजी छोटी येते. अशा धंद्याला मंदी लागतच नाही असं नाही, पण त्याच्या गिऱ्हाईकाला खरेदी टाळणं जड जातं.

एलईडी दिवा हे खर्च कमी करणारं उदाहरण. सोसायट्यांनी जिन्यात एलईडी लावले ते पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे, कॉमन मीटरचं बिल बघून. सरकारी घाऊक खरेदीत हा दिवा २०१४ मध्ये ३१० रुपयांना होता आणि दोन-अडीच वर्षांत चाळिशीच्या खाली आला. त्यानंतर त्याला मंदी-तेजीचं फारसं देणंघेणं उरलं नाही.

आता जाता जाता कानावर येणारी बाकीची वाक्यं.

‘मोठ्या कंपन्या मंदीतच जन्मतात.’ व्हॉट्सअ‍ॅप २००९ चं, एअरबीएनबी २००८ चं, ही उदाहरणं खरी आहेत. त्याच दोन वर्षांत सुरू होऊन बुडालेल्यांची यादी कुणी ठेवली असेल तर दाखवा, मग बोलू.

‘१९३० च्या महामंदीत सिनेमा बहरला, म्हणजे करमणुकीला मंदी नाही.’ हे अर्धं खरं. प्रभात फिल्म कंपनी जून १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली, म्हणजे वॉल स्ट्रीट कोसळण्याआधी जेमतेम पाच महिने. १९३२ मध्ये तिने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात मोठा स्टुडिओ थाटला. पण प्रभातची माणसं ज्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडली होती, ती कोल्हापूरचीच बाबूराव पेंटरांची कंपनी त्याच सुमारास बंद झाली. गाव एक, काळ एक. फरक बोलपटाचा; प्रेक्षक आले ते पडद्यावर आपली भाषा ऐकायला. आणि २०२० मध्ये थिएटरांना टाळं लागलं तेव्हा करमणुकीला मंदी नसल्याचं तिकीट फाडणाऱ्याला कुणी सांगितलं नाही.

‘महामंदीत महाराष्ट्रात साखर कारखाने उभे राहिले.’ राहिले, वालचंद हिराचंदांचा रावळगाव १९३३ चा. पण १९३२ मध्ये सरकारने आयात साखरेवर संरक्षक जकात बसवली होती आणि देशभरातले तीसेक कारखाने तीन-चार वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. श्रेय कायद्याचं, मंदीचं नव्हे.

‘घरून काम कायमचं आलं, व्हिडिओ कॉलवाल्यांना मरण नाही.’ झूमचा शेअर ऑक्टोबर २०२० मध्ये साडेपाचशे डॉलरच्या वर होता, २०२२ मध्ये शंभराच्या खाली. कॉल आपण अजूनही करतो.

‘ऑनलाईन क्लास हेच भविष्य.’ २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरचं मूल्यांकन मिरवणाऱ्या बायजूसवर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. कोचिंग क्लासच्या पाट्या तर स्टेशनबाहेर पडलं की आजही दिसतात.

‘शेअर बाजार पडला म्हणजे मंदी आली.’ सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना शिवून ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या खाली डोकावला. भारताचा जीडीपी त्या वर्षी वाढतच होता, वाढीचा वेग तेवढा मंदावला. देशाचं उत्पन्नच आकसण्याची वर्षं स्वातंत्र्यानंतर मोजकी. त्यांत १९७९-८० आणि २०२०-२१ ही ठळक.

‘मोबाईल रिपेअरिंग शिका, मंदीत उपाशी राहणार नाही.’ या सगळ्यांत याला सर्वांत जास्त आधार आहे. नवा फोन परवडत नाही तेव्हा जुन्याची बॅटरी बदलली जाते, स्क्रीन बदलला जातो. फक्त मंदी कुठल्या वाटेने येते ते पाहायचं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत औषधांची आणि किराण्याची दुकानं चालू होती, रिपेअरिंगची बंद. मोबाईल दुरुस्ती जीवनावश्यक सेवांच्या यादीत नव्हती.