बंडखोर मूल आणि बायबल : छडीच्या वचनापलीकडचे मार्गदर्शन

अल्लीपूर (जि. वर्धा), प्रतिनिधी - हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावात मुले शिक्षणासाठी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ लागली, की घराचा धाक ओसरू लागतो. उलट उत्तरे, लपविलेली मैत्री, रविवारी उपासनेस येण्यास नकार. गाव लहान असल्याने घरातील गोष्ट चारचौघांत जाण्यास वेळ लागत नाही आणि मग पालकांना मुलापेक्षा लोकलज्जेचीच चिंता अधिक सतावते. ख्रिस्ती कुटुंबांत अशा वेळी नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातील छडीचे वचन हमखास पुढे केले जाते. मात्र बायबलमधील मार्गदर्शन त्या एका वचनावर संपत नाही.

कठोर वचने आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात हट्टी व बंडखोर पुत्राला चक्क दगडमाराची शिक्षा सांगितली आहे. परंतु त्यासाठी आई आणि वडील अशा दोघांनी मिळून त्याला गावच्या वडीलधाऱ्यांपुढे नेणे आवश्यक होते. संतापलेल्या एकट्या बापाच्या हाती तो अधिकार नव्हता. आणि ही शिक्षा कोणाला प्रत्यक्ष दिल्याची एकही नोंद बायबलमध्ये नाही. नव्या करारात पौल मुलांना आज्ञापालन सांगतो आणि लगेच बापांकडे वळतो. मुलांना चिडीस आणू नका, असे इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचे कारणही दिले आहे, ते म्हणजे मुले खचून जातात. रोमन समाजात पित्याची सत्ता जवळजवळ अमर्याद होती. त्या काळी बापालाच मर्यादा घालणे ही साधी गोष्ट नव्हती.

पालकांनी सर्वाधिक अभ्यासावी अशी कथा दावीद आणि अबशालोम यांची आहे. थोरला पुत्र अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केला, तेव्हा दावीद राजा संतापला; पण त्याने केले काहीच नाही. दोन वर्षांनी तामारचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनला ठार केले आणि तो परागंदा झाला. तीन वर्षांनंतर त्याला यरुशलेमेत परत आणले गेले, तरी आणखी दोन वर्षे बापाने त्याचे तोंड पाहिले नाही. बंड झाले ते यानंतर. राजाचा शोक प्रसिद्ध आहे, परंतु तो पुत्राच्या मृत्यूनंतरचा होता. वेळीच न रोखणे आणि मग अबोला धरणे, या दोन्ही चुका येथे एकाच घरात दिसतात. यांपैकी पहिलीबद्दल एली याजकालाही दोष दिलेला आहे.

वर्धा जिल्ह्याला अशा दुराव्याची ओळख आहेच. गांधीजी १९३६ मध्ये शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले. त्याच वर्षी त्यांचे थोरले पुत्र हरिलाल यांनी धर्मांतर केले आणि गांधीजींनी त्याविषयी ‘हरिजन’मधून जाहीरपणे लिहिले. त्याच वर्षी हरिलाल स्वधर्मात परतले, पण बाप-लेकातील अंतर मिटले नाही. गांधीजींच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, जून १९४८ मध्ये, त्यांचाही मृत्यू झाला.

उधळ्या पुत्राचा दाखला याच संदर्भात वाचावयास हवा. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे काय, हे शेतकरी घराला समजावून सांगावे लागत नाही. तरीही या दाखल्यातील बाप वाटणी देतो, मुलाच्या मागे धावत नाही. आणि तो परतताना दूरवर दिसताच मात्र धावतो. घरी राहून कुढणाऱ्या थोरल्या मुलाची समजूत घालण्यासाठीही तोच बाहेर येतो. आज्ञाधारक मुलाच्या मनातही बंड असू शकते, ही बाब प्रवचनांत बहुधा मागे पडते.

प्रत्येक अवज्ञा ही बंडखोरी असते काय, हा खरा अवघड प्रश्न आहे. बारा वर्षांचा येशू आईवडिलांना न सांगता मंदिरात मागे राहिला आणि तीन दिवसांनी सापडला. नंतर तो नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. मराठी ख्रिस्ती परंपरा तर घरच्यांचे न ऐकणाऱ्यांनीच उभारली. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मधील बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमधील भगिनींच्या आज्ञेपुढेही आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक आईच्या निधनानंतर कोपिष्ट वडिलांचे घर सोडून कोवळ्या वयात नाशिकला गेले. पुढे मराठीने त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागून धर्म बदलला नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या निर्णयाने झाला.

छडीच्या वचनाचा आधार घेणाऱ्यांनी कायद्याचेही भान ठेवावे. शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. बालकाचा ताबा असणाऱ्याने त्याच्याशी क्रूरतेने वागणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.