प्रदर्शनातील निवड आणि सफोक मेंढीतील आनुवंशिक दोष

प्रदर्शनातील पारितोषिकामुळे वंशावळ-नोंद असलेल्या मेंढ्यांच्या पैदाशीची दिशा ठरते. अमेरिकेतील सफोक जातीत उंच, लांब पायांच्या मेंढ्यांना पसंती मिळू लागली. १९७० च्या दशकात तेथे वाकड्या पायांची, विकृत कण्याची कोकरे आढळली; हाच ‘स्पायडर लॅम्ब’ दोष होय. हाडांच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकातील अप्रभावी उत्परिवर्तन हे त्याचे कारण आहे. एकच सदोष प्रत असलेली वाहक मेंढी निरोगी असते. मात्र तिचे पाय अधिक लांब असतात. साहजिकच, परीक्षकांच्या पसंतीतून नकळत वाहकांचीच निवड होत गेली. दोन वाहकांच्या मीलनातून सरासरी चारांपैकी एक कोकरू बाधित होते. आता जनुकीय चाचणीने वाहक ओळखता येतात. माडग्याळ मेंढीच्या बाकदार नाकाला मोल देणाऱ्या आपल्याकडील पैदासकारांनीही बाह्यरूपाबरोबर वंशावळ तपासणे अगत्याचे आहे.