पोच आणि नोंद

कामगारांत वावरणाऱ्या माणसांनी संगणकाच्या साठवणीवर का बोलावे, असे कोणी विचारील. हजेरी, मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंड यांचे हिशेब आता बहुतेक संगणकातच राहतात. ते तेथे कसे टिकतात, हे जाणणे म्हणूनच आपले काम आहे.

मोठ्या कचेरीत साठवणीचे एक यंत्र ठेवतात आणि बाकीचे संगणक तारेवरून त्याच्याकडे वाचण्यालिहिण्याची मागणी करतात. या यंत्रास ‘स्टोरेज टार्गेट’ म्हणतात. त्यातली हार्ड डिस्क पुष्कळदा मिनिटास ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा समोर येईपर्यंत मागणी खोळंबते. यंत्राची स्मृती, म्हणजे रॅम, मात्र सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात उत्तर देते.

मागावरचा विणकर प्रत्येक कांडीसाठी गोदामात धावत नाही. भरलेल्या कांड्या मागाशेजारीच ठेवलेल्या असतात. लिनक्स प्रणालीचा मूळ कारभारी, ज्यास ‘कर्नल’ म्हणतात, तोही हेच करतो. डिस्कवरून आणलेला मजकूर तो सामान्यतः ४,०९६ बाइटांच्या पानांनी मोकळ्या स्मृतीत राखून ठेवतो. हाच ‘पेज कॅश’. ओळीने वाचन चाललेले दिसले की पुढची पाने तो आधीच आणतो; जागा संपली की बराच वेळ न लागलेली पाने काढतो. टार्गेटची मांडणी या कॅशमधून केली, तर वीस संगणकांनी एकच फाइल मागितली तरी डिस्कला एकदाच श्रम पडतात. साठा स्मृतीहून फार मोठा असून वाचन विस्कळीत असेल, तर मात्र लाभ थोडा.

वाचण्यात धोका नाही, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच. लिहिण्याची गोष्ट निराळी. मजकूर स्मृतीत येताच टार्गेट ‘झाले’ अशी पोच देऊ शकते. डिस्कवर तो मागाहून उतरतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत असे पान सुमारे ३० सेकंद थांबू शकते. तेवढ्यात वीज गेली, तर पोच मिळालेली नोंद नाहीशी होते.

आमच्या सोलापुरातील विडी कामगार भगिनींना हा भेद शिकवावा लागत नाही. ‘विड्या मोजून घेतल्या, वहीत उद्या चढवू’ ही पोच खरी. पण मजुरी मिळते ती वहीतल्या आकड्यावर.

म्हणून वेग नाकारू नये, त्याला शिस्त लावावी. आपण लिखाण स्मृतीत थांबवतो, हे टार्गेटने मागणाऱ्या संगणकास उघड सांगितले पाहिजे. मग तो संगणक महत्त्वाच्या नोंदीनंतर ‘आता डिस्कवर उतरव’ असा हुकूम देऊ शकतो. आणि तो खरोखर पाळल्यावरच टार्गेटने होकार द्यावा. हे लपवले, तर हिशेबाची प्रणाली फसते. मजुरीच्या हिशेबासाठी प्रत्येक नोंद थेट डिस्कवर उतरवूनच पोच देण्याची मांडणीही करता येते. तिने काम मंदावते, हे खरे. बॅटरीचा आधार वीज गेल्यावर उपयोगी पडतो, पण यंत्रच बंद पडले तर स्मृतीतील पाने वाचत नाहीत.

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली उभी राहिली आणि पुढे बंद पडली. कारखाना गेला की कामगाराच्या हाती उरते ती केलेल्या नोकरीची नोंद. नवे यंत्र येईल तेव्हा ते किती जलद आहे एवढेच विचारून थांबू नये. त्याचे ‘झाले’ म्हणजे नेमके कोठे झाले, हेही विचारावे.