नादमुद्रा

पूर्वीच्या काळी दरबारातून पत्र आले म्हणजे ते वाचण्याआधी त्यावरील मुद्रा पाहण्याची रीत होती. मुद्रा खरी असली, म्हणजे पत्र खरे. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. त्यांच्या थोर पुत्राची, शिवाजी महाराजांची, अष्टकोनी राजमुद्रा तुम्ही चित्रात पाहिली असेल. ती दिसताच पत्र कोणाचे हे कळत असे आणि त्यातील आज्ञेवर विश्वास बसत असे.

मुलांनो, रेडिओवरून येणारा संदेश डोळ्यांना दिसत नाही. बोलणारा कोण, तो कोठून बोलतो, हे ऐकणाऱ्याने केवळ कानांनी ओळखावयाचे असते. म्हणून रेडिओ केंद्रालाही मुद्रेची गरज भासते. मात्र ही मुद्रा नादाची असावी लागते. पहाटे चिपळ्यांचा आवाज कानी आला की, दार न उघडताही वासुदेव आल्याचे घरात सर्वांना समजते. रेडिओची नादमुद्रा नेमके हेच काम करते.

या नादमुद्रेचे तीन प्रकार आहेत. प्रक्षेपणाच्या किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या आरंभी वाजणाऱ्या ठराविक सुरावटीला संकेतधून म्हणतात. केंद्राचे नाव काही क्षणांत सांगणाऱ्या सुरेल घोषणेला केंद्राची ओळख म्हणतात. एखाद्या वस्तूची किंवा सूचनेची आठवण राहावी म्हणून रचलेले चिमुकले गीत म्हणजे जाहिरातगीत. त्यालाच सर्वजण जिंगल म्हणतात.

आपल्या देशातील सर्वांत परिचित नादमुद्रा म्हणजे आकाशवाणीची संकेतधून. तंबोऱ्याच्या संथ झंकारावर व्हायोलिनचे सूर उमटू लागले की, दिवसाचे प्रक्षेपण सुरू होत असल्याचे श्रोत्यांना कळते. तिच्या रचनेचे श्रेय सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन या संगीतकारास दिले जाते. त्यांचा जन्म १९०७ साली, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या कार्ल्सबाड या गावी झाला. युरोपात ज्यूंचा छळ वाढू लागला, तेव्हा १९३४ साली ते मुंबईस आले. पुढे ते मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. येथील राग त्यांनी आस्थेने अभ्यासले आणि त्यांवर ग्रंथही लिहिला. परदेशातून आश्रयास आलेल्या माणसाने रचलेले सूर एवढ्या मोठ्या देशाची ओळख ठरावेत, ही केवढी विलक्षण गोष्ट! त्या सुरावटीत एकही शब्द नाही. म्हणूनच मराठी, तमिळ, बंगाली, काश्मिरी अशा सर्वच श्रोत्यांना ती आपली वाटली.

नादमुद्रा फार मोठी असावी लागते, असेही नाही. इंग्लंडातील बीबीसी या संस्थेने ५ फेब्रुवारी १९२४ पासून वेळ सांगण्यासाठी सहा लहान ठोके ऐकविण्यास आरंभ केला. त्या ठोक्यांवर लोक आपली घड्याळे लावू लागले. एक ठोका चुकता, तर हजारो घड्याळे चुकली असती. त्या इवल्याशा आवाजामागे एवढी जबाबदारी उभी होती.

आता जिंगलकडे वळू. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात १९२६ साली नाताळच्या पूर्वसंध्येस चार गायकांनी रेडिओवर एक लहानसे गीत गाइले. न्याहारीला दुधातून खावयाच्या, गव्हापासून केलेल्या पोह्यांसारख्या एका पदार्थाची ती जाहिरात होती. पुढे तीन वर्षांनी, खप नाही म्हणून तो पदार्थ बंद करावा, असे कंपनीच्या मनात आले. तेव्हा हिशेब पाहता असे आढळले की, विकल्या गेलेल्या ५३,००० पेट्यांपैकी ३०,००० पेट्या केवळ त्या गीताच्या परिसरातच खपल्या होत्या! कंपनीने आपला विचार बदलला आणि ते गीत देशभर ऐकविले.

आपल्याकडे १९५० नंतरच्या दशकात रेडिओ सिलोनवरून हिंदी चित्रपटगीतांबरोबर अशा जाहिराती ऐकू येत. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ ही मनोरंजनाची सेवा सुरू केली, आणि १९६७ साली तीवर जाहिरातींना प्रवेश मिळाला. आरंभीच्या केंद्रांत मुंबई व पुणे यांबरोबर विदर्भातील नागपूरही होते. पुढे अनेक गुणी संगीतकारांनी या कलेत नाव मिळविले. १९८८ साली दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या एकात्मतेच्या गीताचे संगीतकार अशोक पत्की हे जिंगलच्या क्षेत्रातील कसलेले कलावंत आहेत. थोड्या अवधीत मनाचा ठाव घेण्याची विद्या राष्ट्रकार्यासही कशी उपयोगी पडते, याचे हे उदाहरण होय.

अशी नादमुद्रा घडवितात तरी कशी? समजा, बुलढाणा जिल्ह्यासाठी एक लहानसे रेडिओ केंद्र काढावयाचे आहे आणि त्याची ओळख तुम्हांला तयार करावयाची आहे. प्रथम काय सांगावयाचे ते एका वाक्यात ठरवावे. कोणी असे लिहील : ‘बुलढाणा जिल्ह्यातील सर्व नागरिकांच्या सेवेसाठी सदैव तत्पर असलेले आपले रेडिओ केंद्र.’ वाक्य शुद्ध आहे, पण ते गाता येत नाही आणि ध्यानातही राहत नाही. दहा सेकंदांत सावकाश बोलल्यास वीस-पंचवीस शब्द बसतात. गाताना त्याहूनही कमी. तेव्हा ते असे आटोपशीर करावे : ‘ऐकतो बुलढाणा, बोलतो बुलढाणा!’ शब्द अकरांचे चार झाले, नाव दोनदा आले आणि बोलण्यातच ताल उमटला.

मग सुरावट. चार-पाच स्वर पुरेत. शाळेतील कोणत्याही मुलाला सहज गुणगुणता येतील एवढ्याच उंचीचे ते असावेत. वाद्ये निवडताना ‘हा आवाज आमच्या भागाचा आहे का?’ असे स्वतःस विचारावे. शेगावहून पंढरीस निघणाऱ्या पालखीतील टाळ-मृदंग, खामगावच्या जिनिंगमधील यंत्रांची घरघर, लोणार सरोवराभोवतीच्या रानातील मोरांची केका, असे कितीतरी नाद आपल्या जिल्ह्यात आहेत. पण ते सगळे एकाच ओळखीत कोंबले, तर केवळ गलबला होईल. त्यांतील एक निवडावा आणि उरलेले निरनिराळ्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवावेत. मूळचे चार-पाच स्वर मात्र सर्वत्र तेच असावेत. सकाळी ते प्रसन्न लयीत, रात्री संथपणे वाजवावेत. एका घरातील भावंडांचे चेहरे जसे एकमेकांशी जुळतात, तशा केंद्राच्या साऱ्या धुना एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

यानंतर ध्वनिमुद्रण. निवेदक बोलू लागताच वाद्यांचा आवाज खाली आणावा, नाहीतर शब्द बुडतात. स, श यांसारखे वर्ण लहान रेडिओवर अस्पष्ट होतात आणि ढोलाचा खोल नाद तर जवळजवळ नाहीसाच होतो. यासाठी तयार झालेली धून मोठ्या ध्वनिवर्धकावर ऐकून समाधान मानू नये. शेताच्या बांधावर झाडाला अडकविलेल्या लहानशा रेडिओवरही ती नीट ऐकू येते का, हे तपासावे. शेवटी जिने ती पूर्वी ऐकलेली नाही, अशा एखाद्या आजीबाईंना ती एकदाच ऐकवावी आणि थोड्या वेळाने केंद्राचे नाव विचारावे. त्यांना ते सांगता आले, तर काम साधले.

मुलांनो, जे सूर सहज ध्यानात राहतात, ते सहज मनातून जातही नाहीत. हीच जिंगलची शक्ती आणि हाच तिचा धोका. साबणाचे गीत गोड आहे म्हणून साबण चांगला ठरत नाही; गोळ्यांचे गीत पाठ झाले म्हणून त्या दातांना हितकारक होत नाहीत. तुमचे कान एखाद्या नावाला सरावलेले असतात, आणि सरावलेल्या नावावर मन नकळत विश्वास टाकते. गीत गुणगुणण्यास हरकत नाही. परंतु वस्तू घेताना तिची किंमत, तिचे वजन आणि वेष्टनावरील मजकूर पाहूनच ती घ्यावी.

केंद्राच्या नादमुद्रेला तर याहूनही अधिक जपावे लागते. नदीला पूर आला, साथीचा रोग पसरला किंवा पिकांवर कीड पडली, म्हणजे गावात नाना वार्ता उठतात. अशा वेळी ओळखीची धून वाजते आणि तिच्यामागून येणारी सूचना लोक शांतपणे ऐकतात. हा विश्वास त्या चार सुरांमुळे आलेला नसतो. त्या सुरांमागून वर्षानुवर्षे खरी माहिती येत राहिली, म्हणून तो जडलेला असतो. एकदा जरी त्या धुनेमागून असत्य ऐकविले गेले, तरी सूर तेच राहतील, पण त्यांचे मोल जाईल. मुद्रा कोरणारा कारागीर कितीही कुशल असो, तिची प्रतिष्ठा पत्रातील मजकुरावरच अवलंबून असते.